दोरावर आलेला गोळा

सर, त्या दिवशी माझा उपास नव्हता. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी हे सांगायचं राहूनच गेलंय.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, मी नववीत. कराडच्या आपल्या शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी तुम्ही आम्हा मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायचात. सांगलीच्या स्पर्धेला चार दिवस उरलेले. दोन पुरुष उंचीवर, दोर हातांत आणि पायाच्या अंगठ्यात धरून मी अंग आडवं ताणलंय, आणि उजव्या पोटरीत गोळा येतो. मांस पिळवटून त्याचा दगड होतो. अंगठ्यातून दोर सुटतो. ओरडायलाही श्वास नाही. तुम्ही खालून बघताय, आणि एरवी मैदानभर घुमणारा तुमचा आवाज एकदम हळू होतो. "हात सोडू नगंस. माझ्याकडं बघ. चवडा वर वढ, नडगीकडं. आनि वढ." चवडा ओढला की कळ मस्तकात जाते. तळहात सोलत मी वीतवीत खाली सरकते. शेवटी हात सुटतातच आणि मी तुमच्या अंगावर कोसळते.

"सकाळपासनं पानी किती प्यालीस?" काथ्याच्या गादीवर धापा टाकत तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "न्हाई प्याले." "का?" खरं सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं, की शाळेत मुलींच्या मुतारीला दार नव्हतं, म्हणून आम्ही साऱ्याच घरून निघाल्यापासून घोटभरही पाणी घेत नव्हतो. तुम्हाला, पुरुषमाणसाला, हे कसं सांगणार? मी म्हणाले, "उपास हाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आईला बोलावून घेतलंत. हातातलं शिवण टाकून ती आली आणि व्हरांड्यात उभी राहिली. "पोरगी मेली आसती, बाई! कसला निर्जळी उपास करायला लावताय तिला?" आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत होते. तिने पदर सारखा केला. "चुकलं, सर. पुन्यांदा न्हाई हुणार." घरी जाताना मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आगं, मला तरी आदी सांगायचंस."

सांगलीला तुम्ही मला नेलं नाहीत. शिवाय नवा नियम केलात: दोराला हात लावायच्या आधी प्रत्येकीने तुमच्या देखत मीठ-साखर घातलेलं दोन पेले पाणी प्यायचं. आम्ही प्यायचो आणि मांड्या आवळून सराव करायचो. पाचवीतली एक मुलगी होती, आमच्यात सगळ्यात हलकी, सरसर चढणारी. एका संध्याकाळी ती वर गेली आणि मध्येच थांबली. "काय झालं? गोळा आला का?" तुम्ही विचारताय. ती नुसती मान हलवते, उतरत नाही. मला कळलंय. मी तोंड उघडते आणि मिटते. मग दोरावरून ओल खाली उतरत आली.

तुम्ही झटकन भिंतीकडे तोंड फिरवलंत. तसेच पाठमोरे म्हणालात, "आज बास. घरी जावा समद्या." दुसऱ्या दिवशी कुणाच्याही नजरेला नजर न देता बोललात, "मैदानामागं माझं घर हाय. मागलं दार उघडं आसतंय, तुमच्या काकू आसत्यात. जिला जायचं तिनं जावं. मला इचारायचं न्हाई." तुमचे कान लाल झाले होते. आता माझ्याकडे वळाल, उपासाचं विचाराल, म्हणून मी श्वास रोखून उभी होते. नाही विचारलंत. आईला बोलल्याचं तुम्हाला लागलं असेल का, तेही मला कधी कळलं नाही.

ती मुलगी पुन्हा आली नाही. तुम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलात, हे गेल्या महिन्यात काकूंनी सांगितलं. खरं तर मीच त्यांना हे सगळं सांगायला गेले होते. नुसता चहा पिऊन परतले. आता लिहितेय, तेही कुणाच्या हाती देणार नाही. ती यायची थांबली तेव्हा तुम्ही मलाही म्हणाला होतात, "तू जा एकदा. तुजं ऐकंल ती." चार दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं, जाऊन आले, ती नाही म्हणते.

मी गेलेच नव्हते, सर.