घासून काढलेलं पोट

४ फेब्रुवारी १९७३, बडोदा

परत तेच! चुलतभाऊ दादासो आटपाडीहून आला नि उभ्या उभ्या सुरू — "रंगूला कवा न्हेणार रं? बायको तुझी हाय का आमची?" खोली लहान हाय म्हटलं. तर म्हणतो, "वरीसभर लहानच? वाढंना व्हय?" गेला एकदाचा!

खोलीचं काय न्हाई. पोरगं झाल्यापासनं रंगूचं पोट सुटलंय. दुष्काळी कामावर खडी फोडून पार काळवंडली. हितं कुणाला दाखवू?

९ फेब्रुवारी

आमच्या कारखान्यात हाटेलांच्या बागांसाठी प्लास्टरच्या बायका हुतात. उघड्या, गुळगुळीत, माना खाली. घासायचं काम माझं. आज मुंबईच्या एका शिल्पकार बाईंचा पुतळा साच्यातनं काढला. तीबी उघडीच — पण मांडी घालून खडी फोडाय बसलेली, हातात हातोडा, पोटाला वळ्या. आन बघती सरळ आपल्याकडं!

संगं काम करणारा गावाकडचा जोतिबा म्हणाला, "गड्या, हिला काय बघायचं? हीच आपल्याला बघाय लागलीय!" लय हसलो.

१० फेब्रुवारी

बाई म्हणाल्या हुत्या, साच्याच्या सांध्यांच्या रेघा उठल्यात, तेवढ्या काढ. त्या जेवाय गेल्या. रेघा काढता काढता कानस चालतच राह्यली. वळ्या गेल्या, पोट सपाट. वाटलं, खूश हुतील!

ओरडल्या न्हाईत. "हे का केलंस?"

"वंगाळ दिसत हुतं, बाई."

"कुणाला?"

मी कानस पुसाय लागलो.

"लग्न झालंय तुझं?"

न्हाई म्हटलं! जोतिबा शेजारीच. माझ्या लग्नात जेवलाय त्यो. खाली मान घालून प्लास्टर कालवत राह्यला.

११ फेब्रुवारी

जोतिबानं आज डबा दुसरीकडं न्हेऊन खाल्ला.

१२ फेब्रुवारी

बाईंनी प्लास्टरचं घमेलं पुढं सारलं. "तूच घासलंस, तूच लाव परत."

हात पुतळ्यावर ठेवला नि थांबलो. रंगूचं पोट कसं हाय, आठवंना. आठवणार कुठनं? दिवाळीला गेलो तवा ती पोराला घेऊन बसली की मी उठून भाईर. तिनं एकदाच इचारलं हुतं, "भ्या वाटतंय व्हय माझं?" मी हसण्यावारी न्हेलं.

शेवटी पोट बाईंनीच लावलं. मी घमेलं धरून हुबा. पुतळ्यातली ती समोरनं बघतीया — कुठं बघावं, कळंना.

१५ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं, लग्न झालंय. पोरगंबी हाय. काम न थांबवता म्हणाल्या, "मग तिला हा पुतळा बघू दे. काय म्हणते ते ऐकू."

मनिऑर्डर केली. ह्या टायमाला वडलांच्या नावानं न्हाई, रंगूच्या. खाली निरोपाच्या जागंत लिहिलं — मी चुकलो. यायचं का न्हाई, तू ठरव. रंगूला वाचाय येत न्हाई, पोस्टमन चारचौघांत वाचून दाखवंल. वाचू दे.

गाडीभाडं नि वाटखर्ची — चाळीस रुपये.