मौनगुरूंचा डावा पाय

४ मार्च
करुणामय अवलोकितेश्वराला वंदन. त्याच्या कृपेनेच हे अक्षर उमटते. आज हुआलिएनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनेचा मार्गदर्शक म्हणून रुजू झालो. चाळीस वर्षे शुईवेईसारख्या खेड्यात दवाखाना चालवून सत्तरीत पुन्हा शिकवायला मिळावे, हे पूर्वपुण्यच. खिडकीतून समुद्र दिसतो. येथे देहदात्याला प्रेत म्हणत नाहीत, मौनगुरू म्हणतात. रोज शस्त्र लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पूर्ण नाव उच्चारून त्यांची अनुज्ञा मागावी, असा दंडक आहे.

५ मार्च
आमच्या टेबलावरच्या मौनगुरूंच्या पत्नी फानआजी रिवाजाप्रमाणे पतीचे चरित्र सांगायला आल्या. म्हणाल्या, आमचा म्हातारा भारी खोडसाळ, मी केलेल्या रताळ्याच्या पाल्याच्या भाजीला रोज नावं ठेवायचा. पण शुईवेईत देवळासमोरच्या डॉक्टरनं सुई टोचली तेव्हापासून तीस वर्षं डावा पाय ओढत चालला, त्याला मात्र कधी शिवी दिली नाही. एवढंच म्हणायचा, भेटला की दाखवीन त्याला, कुठं टोचायचं ते. विद्यार्थी हसले. आजींनी मला विचारले, तुम्ही तिकडचेच ना डॉक्टरसाहेब, कोण होता हो तो? माझ्या लग्नाआधीचं आहे ते, मी ते गाव पाहिलंच नाही.
ठाऊक नाही, असे मी म्हणालो.
तो मीच.

६ मार्च
सर्वांनी नावे सांगितली. मी नुसते ओठ हलवले. नितंबाचा मोठा स्नायू उलटवला. त्याच्या आड नाशपातीच्या आकाराचा स्नायू असतो. त्याच्या खालच्या कडेने करंगळीहून जाड, मोतिया रंगाची नस बाहेर येते. म्हणून सुई सदैव वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात द्यावी. मी खाली दिली होती. नसेवर तेथे कठीण पांढरी गाठ आहे. तिला चिमटा लागला आणि माझ्या डाव्या नितंबात वीज चमकली.

९ मार्च
नस मांडीपर्यंत मोकळी केली. नाव सांगितले नाही. खुर्चीत बसलो, तर डाव्या बाजूला खुर्चीच नाही असे वाटले.

११ मार्च
गुडघ्यामागे नस दुभंगते. बाहेरची शाखा सोडवली. माझे पाऊल लोंबते. एक विद्यार्थिनी म्हणाली, सर, चप्पल घासतेय तुमची, मौनगुरूंची चाल उचललीत की काय. आज नाव सांगणार होतो. पण आजी दारात होत्या, आणि —

१३ मार्च, सकाळ
नऊला देह शिवून निरोप. त्यानंतर सांगायला ते उरणार नाहीत. पाय उचलवत नाही. आजींना हे पान द्यावे — मी, लाय मिंग-तेह, ती सुई मीच —

ओसरीवर चप्पल घासत येते आहे. एकच. डावी. स्वच्छ ऊन आहे, पण सावली कोणाचीच नाही. माझी तर पलंगापाशी —

दार उघडले. नाव सांगतो. हे वाचणाऱ्या सर्वांचे पाय अखेरपर्यंत त्यांच्या स्वाधीन राहोत, कोणाच्याही हातून कोणाला —