दांडीवरचं वजन

४ मार्च

खुराड्याचं सोलरवरचं दार आजही अर्ध्यातच अडकलं! तीन दिवस आभाळ आलं की बॅटरी मान टाकते. खुराड्यापर्यंत वीज नाही, आणि मला अंधारून आलं की धड दिसत नाही. मागच्या महिन्यात दार लावायला गेले आणि उतारावर आपटले. लेकीला तेवढंच निमित्त — "आई, कोंबड्या देऊन टाक आणि इकडे ये." शेवटी तह झाला. कोंबड्या नीट राहिल्या तर मी इथंच. नाहीतर तिच्या फ्लॅटमधली मधली खोली.

सात आहेत. ह्यांनी पिल्लं असताना आणलेल्या. हे जाऊन दहा महिने झाले.

६ मार्च

सुतारभाऊंनी सोलर काढून टाकलं. "वहिनी, कोंबड्यांच्याच वजनावर चालवू." आतली बसायची दांडी दोरीनं दाराला जोडली, दुसऱ्या बाजूला वाळूचा डबा. सातही जणी बसल्या की दांडी खाली, दार बंद. सकाळी उतरल्या की दार वर. ना तार, ना बॅटरी! डब्यात मूठमूठ वाळू घालत दोन तास घालवले बिचाऱ्यांनी. "सहा बसल्या तर लागणार नाही हं. एखादी कमी झाली तर तेवढी वाळू काढा."

७ मार्च

लागलं! खट्‌कन!

१५ मार्च

तुरेवाली नाही. पीस नाही, रक्ताचा ठिपका नाही. दिवसा चरायला गेली तेव्हाच कुणीतरी उचलली असणार. रडू आलं. वाळू काढायची राहिलीच.

तरी दार लागलं.

१६ मार्च

आजही लागलं. सहाच आहेत. तीनदा मोजल्या.

२४ मार्च

काळीही गेली. तसंच — काही मागमूस नाही. पाच राहिल्या. मुद्दामच वाळूला हात लावला नाही. पायरीवर बसून ऐकत राहिले. पाचही जणी चढल्या. जरा वेळ काहीच नाही. मग दांडी सावकाश करकरली, कुणीतरी जड माणूस बसावं तशी — आणि दार खाली आलं.



२५ मार्च

हे रोज तिन्हीसांजेला खुराड्यात डोकं घालून बसायचे. मी ओरडायचे, "तिथंच अंथरूण घालू का!" कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण दुसरं कोण असणार?

भीती नाही वाटत. बरं वाटतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

२ एप्रिल

चारच. सुतारभाऊ फाटकाशी भेटले, त्यांना बोलून गेले. ते चक्रावलेच. "चार कोंबड्यांनी हे दार हलणंसुद्धा शक्य नाही, वहिनी. छपराचा पत्रा उचलून बघतो." नको म्हटलं. फटकारलंच जवळजवळ. उगाच कशाला आत खुडबूड! निघून गेलं तर?

लेकीला फोनवर सातच सांगितल्या.

७ एप्रिल

कोंबड्या आत जाईनात. चौघी कुंपणाच्या भिंतीवर चढून बसल्या, एकीला एक चिकटून. हाका मारल्या, दाणे टाकले — पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काठी घेऊन एकेकीला आत ढकललं. "घरचं माणूस ओळखत नाही का गं, मेल्यांनो?" पांढरीनं माझ्या हातावर चोच मारली. कधी मारली नव्हती.

दार लागलं.

८ एप्रिल

पांढरी नाही.

९ एप्रिल

सुतारभाऊ दुपारी न विचारताच आले आणि पत्रा उचलला. दांडीच्या वरच, पत्र्याखालच्या वाशाला विळखा घालून अजगर. मांडीएवढा जाड, मधे फुगलेला. म्हणजे रात्री तो दांडीवर उतरला की त्याच्याच वजनानं दार लागायचं, आणि त्या रोज त्याच्याबरोबरच कोंडल्या जात होत्या. लेकीला फोन केला, खरं सांगितलं. रविवारी न्यायला येते म्हणाली. मी हो म्हटलं.

इतके दिवस तिन्हीसांजेला दार लागलं की पायरीवरून हाक मारून त्यालाच विचारत होते — "अहो, जेवलात का?"