उजव्या कुशीवर ठेवायची गाडी

मी, रोझविथा श्टाडेलहोफर, लोरेन्झची विधवा, वय एकाहत्तर, राहणार इमनश्टाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. रागही.

१. घर आणि बाग मुलगी आनेग्रेट हिला. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

२. लोरेन्झची पत्राकामाची हत्यारं ग्लायडर क्लबला. अध्यक्षांनी मात्र त्यांना हात लावू नये. अंत्ययात्रेत "बिचाऱ्याला जरा जास्तच झाली असावी" असं कुजबुजणारे तेच.

३. शेडमधली गाडी. युद्धानंतर विमानं बांधायला बंदी आली आणि लोरेन्झचं काम सुटलं. तेव्हा त्याने ही तीनचाकी बनवली. एकामागे एक अशा दोन जागा, ॲल्युमिनियमचं अंग, निमुळती शेपटी. दारं नाहीतच, लढाऊ विमानासारखं काचेचं झाकण, उजवीकडे उघडणारं. अशी एकच बनली. पैसा माझे थोरले दीर एगॉन यांचा.

लोरेन्झ त्यांना म्हणाला होता, "दादा, उजवीकडे कलंडली तर झाकण उघडणार नाही. ते आतून सुटं करणारी कडी बसवतो. आठवडा दे."

"प्रदर्शन शनिवारी आहे. आणि गिऱ्हाइकाने विचारलं ही कडी कशाला, तर काय सांगू? मरू नये म्हणून?"

शुक्रवारी सरोवराकाठच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि उजव्या कुशीवर चरात पडली. चरात पाणी गुडघाभर. लोकांनी कुऱ्हाडीने झाकण फोडलं, तोवर लोरेन्झ बुडाला होता. चौकशीत एगॉननी शपथेवर सांगितलं, "भाऊ सकाळपासून पीत होता." कडीबद्दल अवाक्षर नाही. मी बोलले ते बायकोचं रडगाणं ठरलं.

गेल्या महिन्यात ते दारात उभे. "रोझविथा, जुनं उगाळू नकोस. संग्रहालयवाले गाडी मखमलीवर ठेवतायत. पाटीवर 'निर्माता एगॉन श्टाडेलहोफर'."

"आणि लोरेन्झ?"

"त्याचा फोटो लावू की बाजूला."

मी झाडांना पाणी घालत होते. पाइप त्यांच्याकडे वळवला. एकोणऐंशीव्या वर्षीही माणूस चांगला पळतो.

तर गाडी संग्रहालयाने न्यावी, पण ठेवायची उजव्या कुशीवर, झाकण बंद. पाटीवर निर्माता लोरेन्झ, आणि कडी नाकारणारा एगॉन. मान्य नसेल तर आनेग्रेटने ती भंगारात मोडावी.

४. एगॉन यांना काहीही नाही. त्यांनी पुष्पचक्र पाठवलं तर कोंबड्यांपुढे टाकावं.

दुसरी साक्षीदार आज आपणहून आली. मी म्हणाले, "जाऊबाई, आधी वाचा. घरी काय सांगाल?"

"सही केली म्हणून सांगेन. पेन दे."

इमनश्टाड, ९ ऑक्टोबर १९९१
रोझविथा श्टाडेलहोफर

साक्षीदार:
ओत्मार ग्लेझर, शेजारी

हेडविग श्टाडेलहोफर, एगॉनची पत्नी. त्या सकाळी लोरेन्झभावजींनी न्याहारी माझ्याच टेबलावर केली, आणि तिथूनच ते गाडीत बसले. प्यायले ते दूध. एगॉन समोर बसले होते.