खालच्या कप्प्यातली ताई

४ ऑगस्ट
आले एकदाची! ताईकडे मागची खोली मिळाली. खिडकी ऐसपैस, गादी मात्र ढेकळांची, बदलून घेईन. इस्पितळाच्या लॅबमधून निवृत्त झाले तरी रिकामं बसणं मला जमणारं नव्हतं. ताईने गेल्या वर्षी इथल्या संशोधन केंद्रात रक्त दिलं, तेव्हाच माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. काम सोपं आहे. रक्तातल्या पेशींपासून वाढवलेले मेंदूच्या ऊतींचे गोळे, वाटाण्याएवढे, काचेच्या बशांत ठेवलेले. त्यांचं गुलाबी पोषणद्रव बदलायचं. ते विचार करत नाहीत, नुसते वाढतात, असं संशोधकसाहेबांनी समजावलं. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. मला मावशी म्हणाले. मी म्हटलं, बाई म्हणा.

७ ऑगस्ट
कुठला गोळा कुणाच्या रक्ताचा हे खरं तर सांगायचं नसतं, पण साहेबांनी खालच्या कप्प्यातल्या बशा दाखवल्या. म्हणाले, या तुमच्या ताई. घरी सांगितलं तर ताई म्हणाली, त्यांच्याशी तरी गोड बोल, माझ्यावर सारखी खेकसतेस. खूप हसलो.

१८ ऑगस्ट
ताईची एक बशी टाकून दिली. गोळा फार वाढला की आतून मरतो. मग ब्लीच ओतायचं. संध्याकाळी ताईला आईचं नाव आठवेना. मी चिडवलं, म्हातारी झालीस. ती हसली नाही.

२६ ऑगस्ट
आज दुसरी टाकली. घरी आले तर ताई दारात बसलेली, चप्पल मांडीवर. ही कशी घालतात, विचारत होती. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. योगायोग, दुसरं काय! मी असलं काही मानत नाही.

२ सप्टेंबर
तिच्या एका बशीत बुरशी. पांढरी, कापसासारखी. अशी बशी ताबडतोब नष्ट करायची, नाहीतर सगळा कप्पा नासतो. जन्मभर मी हेच इतरांना दरडावत आले. ब्लीचची बाटली उचलली, आणि — ठेवली. बशी मागे सरकवली. साहेबांना म्हटलं, सगळं ठीक.

घरी ताई डोकं खाजवत होती. म्हणाली, आत कापूस भरलाय गं.

मी तिला बुरशीचं काहीच सांगितलं नव्हतं.

५ सप्टेंबर
बुरशी शेजारच्या बशांत गेली. औषध घातलं. उपयोग नाही. ताई मला अहो म्हणते आता.

७ सप्टेंबर
सगळा कप्पा पांढरा. साहेबांनी पाहिलं. म्हणाले, सगळं ब्लीचमध्ये, आत्ता. मी सांगितलं — सगळं सांगितलं, पाया पडले. ते म्हणाले, बाई, घरी जा, झोप काढा. मला बाहेर काढून त्यांनी दार आतून लावलं.

बाहेरच्या बाकावर आहे. ताईला फोन लावलाय. ती बोलतेय तोवर —

म्हणते, कुणीतरी पाणी ओततंय.

वास येतोय म्हणते. डोळे चुरचुरतात.

तुम्ही कोण, विचारते. सांगितलं. तुझी धाकटी.

पुन्हा विचारते. सांगितलं.

पुन्हा —

आता विचारत नाही. श्वास ऐकू येतोय. मी हाका मारतेय. ताई. अगं ताई. ता