उसना गूळ

आत्याबाई, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली, आणि मी सून म्हणून या घरात आले त्याला पन्नासच्या वर झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. तुम्ही होता तोवर धीर झाला नाही, आणि तुम्ही गेल्यावर घाई उरली नाही. पण परवा नदीचं पाणी खालच्या आळीत शिरलं, चार घरं भिजली, आणि आपल्या नातसुनेनं मोबाइलवर यादी केली. कुणी तांदूळ द्यायचे, कुणी तेल, कुणी चादरी. ज्याचं आलं त्याच्या नावापुढं बरोबरची खूण. दिवस मावळायच्या आत सगळं जिथल्या तिथं पोचलं. काही कमी पडलं नाही, काही जास्त झालं नाही. मी सोप्यात बसून बघत होते आणि मला एकटीलाच हसू फुटत होतं. पोरगी म्हणाली, "आज्जी, काय झालं?" म्हटलं, "काय न्हाई गं, गूळ आठवला."

तुम्हालाही आठवत असेल. एकाहत्तरची लढाई संपली त्याच्या पुढचा उन्हाळा. माझ्या अंगाची हळद उतरून दोन महिने झालेले. माहेर माझं साताऱ्याकडचं, माणच्या कोरड्या रानातलं, आणि तुम्ही मला आणलीत इस्लामपूरजवळच्या या उसाच्या मुलखात. इथल्या ओल्या वासाचीच मला किती दिवस सवय होत नव्हती. आपल्या दारासमोर ओढ्याच्या अंगाला फौजीणबाईचं घर. नवरा पलटणीत म्हणून सगळं गाव तिला फौजीणच म्हणायचं. लढाईत त्याच्या पायाला लागलं, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तो पडून होता. इकडं तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला, दोन लहान पोरं, आणि बैलजोडीतला एक बैल थंडीतच गेलेला. चार एकर रान तसंच पडलं होतं. पावसाच्या आत नांगरट झाली नाही तर पेरणी गेली, आणि पेरणी गेली की वर्ष गेलं.

तुम्ही माझ्या डोक्यावर जोंधळ्याची पाटी दिलीत आणि म्हणालात, "दिऊन ये जा." मी गेले. ती दारातच आडवी उभी. "तुझ्या सासूला सांग, माझा नवरा जिता हाय. मी काय भिक्षंला बसली न्हाई." मी पाटी घेऊन परत आले. आता तुम्ही तिच्यावर तोंड सोडणार अशी माझी खात्री. तुम्ही पाटी उतरवून घेतलीत, जोंधळ्यात हात घातलात आणि म्हणालात, "चुकलं आपलंच. मान ताठ असलेल्या बाईला पाटी दावायची नसती. तिला इर्जिक घालाय लावू."

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात एकाच दिवशी गावची औतं जुंपायची. मजुरी कुणी घ्यायची नाही; रानमालकानं सगळ्यांना पोटभर गोडाचं जेवण घालायचं, बस. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही, ज्याचं रान तो यजमान. तुम्ही हे बोलायला गेलात तेव्हा मी तुमच्या मागं उभी होते. तिनं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "जेवाण माझ्या चुलीवर शिजंल. माझ्या घरातलं. दुसऱ्याच्या घरातनं डबा आला तर औतं माघारी लावीन." तुम्ही "व्हय बाई, तुझंच" म्हणून उठलात. पण तिच्या घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. नऊ औतांचे गडी जेवायला बसवायचे आणि मडक्यात पसाभर पीठ.

त्या दिवशी तुम्ही चुलीपुढं बसून जी युक्ती काढलीत तिला आजही मी मानते. फौजीणबाईची सासू मोठ्या हाताची बाई होती, आयुष्यभर गावाला उसनं देत आली होती, आणि दोन वर्षांमागं वारली होती. मग अकरा घरांनी अकरा जिन्नस घेऊन इर्जिकेच्या पहाटे तिच्या परसदारी जायचं आणि म्हणायचं, 'तुमच्या सासूबाईकडनं उसनं नेलं होतं, द्यायचं राहून गेलं.' मी भीत भीत म्हटलं, "आणि तिनं खरंखोटं इचारलं तर?" तुम्ही म्हणालात, "मेलेल्या बाईला इचाराय कोण जातंय?"

तुम्ही स्वतः घरोघर फिरला असता तर समोरून तिला दिसलं असतं. नवी सून गावात पाया पडायला हिंडते, तिच्याकडं कोण बघतंय? म्हणून कुणी काय न्यायचं आणि काय म्हणायचं हा निरोप घेऊन मी जायचं ठरलं. लिहायला तुम्हाला येत नव्हतं, वाचायला मला येत नव्हतं. तुम्ही माझ्या पदराला ओळीनं अकरा गाठी मारल्यात. पहिल्या गाठीत हरभऱ्याच्या डाळीचे चार दाणे, दुसरीत गहू, तिसरीत तांदूळ, पुढं मीठ, मिरची, हळद, वेलदोडा. तेलाच्या गाठीत दिव्याची वात. शेवटच्या गाठीत गुळाचा खडा. घरं कुठल्या क्रमानं घ्यायची ते तुम्ही तीनदा म्हणवून घेतलंत. "एक दार, एक गाठ. आन् एकीला दुसरीचं सांगायचं न्हाई, बायकांच्या पोटात पाणी ऱ्हात न्हाई." मी निघाले तेव्हा पदर असा धरला होता जसा त्यात जिवंत पाखरू बांधलंय.

आता ऐका, आत्याबाई. तुम्हाला न सांगितलेलं ते हे.

पहिलं घर थोरल्या काकींचं, तुमच्या जाऊबाईंचं. मी दारात पाऊल ठेवलं तशा त्या म्हणाल्या, "आगं, नवी सून पैल्यांदा दारात आली, रिकामी कशी धाडू? बस पाटावर. पदर पसर." ओटी भरायला त्या तांदूळ आणि नारळ घेऊन पुढं उभ्या. हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ओटीला नाही म्हणता येत नाही, आणि गाठींचा पदर पसरता येत नाही. मी उठून दाराआड गेले आणि घाईघाईनं गाठी सोडायला लागले. डाळ सांडली, वात पडली, मिरची कुठं गेली ती गेलीच. परत येऊन पाटावर बसले, काकींनी पदरात तांदूळ टाकले, उरलंसुरलं त्यात मिसळून गेलं. चैत्राचं ऊन. गुळाचा खडा तेवढा पाघळून पदराला घट्ट चिकटून बसला होता. काकींनी तो बघितला, खाली सांडलेली डाळ बघितली आणि विचारलं, "सासूनं काय मागितलंय गं?"

मी गडबडले. अकरा घरं आठवत होती, कुणाला काय ते एक आठवेना. पदराकडं बघितलं आणि बोलून गेले, "गूळ."

आणि खरं सांगू? एकदा बोलल्यावर मला त्यात काही चूकही वाटेना. आमच्या माहेरी पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ द्यायचा तो हरभऱ्याएवढा. सणाला आई ढेप काढायची तेव्हा आम्ही भावंडं हात धुऊन बसायचो. गुळाहून मोठं देणं मला माहीतच नव्हतं. मग दुसऱ्या दारात "काय धाडू?" तर गूळ. तिसऱ्या दारात गूळ. गुऱ्हाळं नुकती संपलेली, घरोघरी ढेपा पडलेल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपल्या वाट्याला गूळ आलाय, डाळ-पीठ दुसरी बघंल. मी घरी आले. तुम्ही विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि ओटीचे तांदूळ दाखवले.

इर्जिकेची पहाट झाली. तुम्ही आणि मी अंगणात झाडू घेऊन उभ्या, डोळे समोरच्या परसाकडं. थोरल्या काकी आल्या. "तुझ्या सासूकडनं उसना नेला होता, ह्यो घे गूळ." फौजीणबाईनं घेतला. दुसरी आली, गूळ. तिसरी आली, गूळ. चौथीला तिनं विचारलं, "तुमचं बी गूळच का?" तुमचा झाडू थांबला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी कोपरा झाडायला लागले. पाचवी, सहावी. सातवी पोचली तोवर ती कमरेवर हात ठेवून उभी. "आवं, माझी सासू काय गुळाचा कारखाना काढून बसली व्हती व्हय? उसाच्या गावात गूळ उसना कोण नेतंय?"

ती बाई कावरीबावरी झाली. "मला न्हाई ठावं. मला सांगितलं, मी आणला."

फौजीणबाई मटकन उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता ही सगळा गूळ ओढ्यात टाकणार आणि औतं माघारी लावणार. तिनं तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. रडते म्हणावं तर आवाज वेगळाच. पुण्याहून तार आल्या दिवसापासून जी बाई हसली नव्हती ती हसत होती, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. आणि तिथूनच तिनं हाक मारली, "आत्ती, या हिकडं. अंगाण किती झाडताय, खड्डा पडंल."

तुम्ही झाडू हातात घेऊनच गेलात. तुमची मान खाली गेलेली मी त्याच दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची बघितली. तुम्ही काही बोलायच्या आधी तीच बोलली. "कळलं मला कुणाचं डोस्कं हाय ते. ऱ्हाऊ द्या आता लपवाछपवी. घरात डाळ न्हाई, गहू न्हाई, त्याल न्हाई. ज्याच्याकडं जे आसंल ते उघड घिऊन या, आन् हितंच लाटाय बसा. चूल माझीच पेटंल." मग माझ्याकडं वळून, "तू गं, नवरीबाई, तेवढा गूळ सोडून काय बी आण."

आत्याबाई, तो दिवस मी अजून डोळे मिटून बघते. तिच्या परसात तीन चुली मांडल्यात, पाट्यावर पुरण वाटतंय, बायकांच्या हातातल्या बांगड्यांचा एकच आवाज चाललाय. रानात नऊ औतं एकामागं एक. गड्यांना गूळपाणी, बैलांना गूळ, पोरांच्या कोपरापर्यंत गूळ. म्हाताऱ्या सासऱ्याला बाजेसकट बांधावर आणून ठेवलंय आणि तो पडल्या पडल्या हुकूम सोडतोय, "तास सरळ धर रं गड्या, नजर कुठं हाय तुजी?" वरच्या आळीची औतं आहेत, तशी नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतली दोन आहेत. जेवायची वेळ झाली तसे ते गडी सवयीनं बाजूला लिंबाखाली बसायला निघाले. फौजीणबाई पोळ्यांची पाटी घेऊन मधोमध उभी राहिली. "माझ्या धन्याला दवाखान्यात कुणाचं रगात चढवलं ते त्यानं इचारलं न्हाई. एकच पंगत बसंल." वरच्या आळीतले दोघंजण पोट भरलंय म्हणून उठून गेले. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. पोळ्या पुरतील." सगळी पंगत हसली, आणि पुरल्यासुद्धा.

दिवाळीला फौजी काठी टेकत घरी आला, तेव्हा त्या रानात जोंधळा फार नव्हता, पावसानं त्या वर्षी पाठच फिरवली. पण त्यानंतर ती बाई कुणाच्या दारात जाताना बिचकली नाही, आणि तिच्या दारात जाताना आम्हीही नाही. वाईट दिवसांत तेच कामी आलं.

तुम्ही मात्र थोरल्या काकींना सोडलं नाहीत. "ह्या जावेचंच काम. डाळ जड जाती, म्हणून सगळ्यांस्नी गूळ शिकवला." लग्नकार्यात, बारशात, हळदी-कुंकवात, वर्षानुवर्षं. आणि काकी माझ्याकडं एक नजर टाकून म्हणायच्या, "व्हय बाई, माझ्याच डोक्यातनं निघालं." त्यांनी सांडलेली डाळ बघितली होती. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी तो दोष त्यांना अंगावर घेऊ दिला. काकींना मारलेला तो टोमणा माझ्या वाट्याचा होता, आत्याबाई. तो परत घ्या.

इर्जिकेच्या पुढच्याच बाजाराला तुम्ही इस्लामपूरहून पाटी आणि पेन्सिल आणलीत आणि माझ्यापुढं ठेवलीत. "पदराला गाठी मारून संसार व्हत न्हाई. शीक." तुम्हाला ठाऊक होतं की काय, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारत आले. शाळेचं तोंड न बघितलेली मी पोरांच्या पुस्तकांवरून, किराणाच्या कागदांवरून अक्षर लावत शिकले, त्याची सुरुवात त्या पाटीवर आहे. मी पहिला शब्द कुठला गिरवला हे तुम्ही ओळखलंच असेल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? लिहून झालं की घडी करून गुळाच्या डब्याखाली सारणार आहे. पण आणखी एक सांगते, नातसुनेला कळलं तर रागवंल. तिच्या यादीत गूळ नव्हता. काल दुपारी सगळी निजली तेव्हा मी खालच्या आळीत गेले, भिजलेल्या घरातल्या त्या नव्या सुनेच्या हातात अर्धी ढेप ठेवली. ती म्हणाली, "आज्जी, हे कशाला?" म्हटलं, "घे गं. तुझ्या सासूकडनं उसना नेला होता."