लायमनच्या होकारासाठी अडलेलं घर

मी, हेस्टर पेनॉक, वय चौऱ्याऐंशी, राहणार वॉशिंग्टन, संसदेच्या घुमटामागची गल्ली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. वकीलबाईंनी इथे 'शपथेवर' असा शब्द घातला होता, तो मी खोडला. आम्ही क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली माणसं, शपथ घेत नाही. शपथेवर तेवढं खरं बोलायचं, म्हणजे एरवी थापा मारायची मोकळीक, असा त्याचा अर्थ होतो. वकीलबाई म्हणाल्या, "हेस्टर, नुसता रिवाज आहे हो." मी म्हटलं, "युद्धसुद्धा रिवाजच आहे." त्यांनी गुपचूप नवा कागद घेतला.

कलम १. माझं याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी घर माझ्या भावाचा मुलगा कर्टिस याला दिलं होतं. त्याने ते लगेच क्षेपणास्त्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसांना तळघरापासून माळ्यापर्यंत फिरवून दाखवलं. त्यांना संसदेजवळ पाहुण्यांसाठी जागा हवी आहे म्हणे. मी जिवंत होते, वरच्या खोलीत मोजे विणत होते. "आत्या, नुसतं दाखवलं गं!" म्हणाला. दाखवलंस ना? मग आता बस.

कलम २. घर आमच्या क्वेकर सभेला द्यावं. युद्ध थांबवा, तुरुंगातल्यांना माणसासारखं वागवा, हे सांगायला देशभरातून जी तरुण मंडळी खासदारांचे उंबरे झिजवायला येतात, त्यांनी तिथे राहावं. भाडं घेऊ नये. वाटाण्याचं सूप सगळ्यांनी मिळून करावं.

पण इथेच घोडं अडलंय. आमच्या सभेत मतदान नसतं. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत शांत बसायचं, आणि एकाचंही मन मानेना तर विषय पुढच्या महिन्यावर. तो एक म्हणजे लायमन स्टॅनिफर.

लायमन सेनेटर होता. दर बुधवारी मी त्याच्या कचेरीत घडीची खुर्ची काखोटीला मारून जायची, कारण त्याच्या सेक्रेटरीने मला बसायला देणं बंद केलं होतं. आम्ही कोणालाच पदव्या लावत नाही. मी "लायमन आहे का?" विचारलं की ती फणकारायची, "सेनेटरसाहेब म्हणा!" आतून तोच ओरडायचा, "येऊ दे तिला! सफरचंदाचा केक आणलाय का बघ." केक खायचा, युद्धापायी काय काय होतं ते ऐकायचा, मान डोलवायचा, आणि दुपारी जाऊन युद्धाच्या बाजूने मत द्यायचा. मेल्याला लाजसुद्धा नाही! एकदा मी म्हटलं, "बोलून झालं, आता जरा माझ्याबरोबर गप्प बस." बसला. उठताना डोळे ओले होते. मी हरखून घरी आले, रेडिओ लावला, तर याचं मत नेहमीच्याच जागी.

निवृत्त झाल्यावर तो आमच्या सभेला यायला लागला. मागच्या बाकावर घोरायचा. माणूस सुधारला, म्हणून आम्ही त्याला सदस्य करून घेतलं. तिथेच फसलो. जन्मभर बहुमताच्या मागे धावलेल्या माणसाला कळलं, की इथे एकट्याच्या नकाराने सगळं थांबतं. मग काय, स्वारी खूश! माझ्या घराचा विषय निघाला, सगळे शांत. आमची लेखनिक बर्निस हॉब्सन 'सर्वांचे एकमत' असं लिहायला लागली, तेवढ्यात मागचं घोरणं थांबलं. "माझं मन मानत नाही. छप्पर गळतं." मी छप्पर दुरुस्त करून घेतलं. मग म्हणाला, "पायऱ्या उंच आहेत." त्यानंतर, "वाटाण्याचं सूप मला आवडत नाही." अरे, तुला कोण वाढतंय!

सभेने घर घेतलं नाही, तर ते कायद्याने कर्टिसकडे जाणार आणि माझ्या स्वयंपाकघरात क्षेपणास्त्रवाले कॉफी पिणार. म्हणून गेल्या बुधवारी मी केक घेऊन लायमनच्या घरी गेले. म्हटलं, "आता खरं काय ते बोल."

त्याने केक स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मी हो म्हटलं की तुझं काम संपलं. तू मरायला मोकळी. मग माझ्याशी भांडायला कोण येणार गं?"

मला रडू आलं. लपवलं नाही. "मूर्खा, हे आधी बोलायला काय झालं होतं?" म्हटलं, आणि केकचा मोठा तुकडा मीच खाल्ला. हो मात्र त्याने तेव्हाही म्हटलं नाही.

कलम ३. घडीची खुर्ची घरातच राहावी. ज्याला कचेरीत बसू देणार नाहीत, त्याने ती न्यावी. ओव्हन आणि केकचं भांडं कर्टिसला द्यावं. निदान कोणाला काही खाऊ घालायची सवय लागेल.

कलम ४. माझ्या अंत्यसभेत सगळ्यांनी शांत बसावं. कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर बोलावं. कर्टिसला वाटलं तर त्याने पुन्हा विचार करावा.

कलम ५. लायमनला मी काहीही ठेवत नाही. त्याने फुगून बसू नये. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. सही करायला तो येतो की नाही, ते आता त्याच्यावर.

वरचं सगळं मी वाचलं, ते खरं आहे, म्हणून खाली सही करते.

ठिकाण : वॉशिंग्टन
तारीख : दहाव्या महिन्याचा चौथा दिवस

(सही) हेस्टर पेनॉक

साक्षीदार :
(सही) बर्निस हॉब्सन, सभेची लेखनिक
(सही) लायमन स्टॅनिफर

लायमनच्या सहीखाली त्याच्याच अक्षरात : घराला माझी हरकत नाही. सभेतही तसं सांगेन. छप्पर अजून गळतं. बुधवारी ये.